एकसष्टावी चूल

वाचनालयाचा कारकून गिरधर उभ्या आयुष्यात भर सभेत एकदाच धडपणे बोलला, आणि त्या एका बोलण्याचा त्याला पुढं जन्मभर पस्तावा झाला.

जळगाव-धुळे वाटेवरचं ते कापसाचं गाव. कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या मागं, नाल्याच्या काठानं, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या कुडांच्या झोपड्या होत्या. पिंजारी, हमाल, जिनात कामाला जाणाऱ्या बाया, अशी सगळी पोटासाठी जमलेली माणसं तिथं राहायची. दर दोन-तीन वर्षांनी तिथं पटकीची साथ यायची आणि मग गावालाही धडकी भरायची. सन सदतीसच्या दिवाळीनंतर वरून हुकूम आला की नाल्याकाठची वस्ती उठवावी, त्या लोकांना साठ पक्की घरं बांधून द्यावीत, आणि एकतीस मार्चच्या आत साठच्या साठ घरं दिल्याचा अहवाल पाठवावा. साठ हा आकडा कुणी आणि कशावरून काढला, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

कामासाठी समिती नेमली गेली. जिनवाले रतिलालशेठ अध्यक्ष झाले. गिरधरचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच सभेत घोडं अडलं. कुटुंबं मोजायची कशी? रतिलालशेठ म्हणाले, "एकाच्या दोन झोपड्या असतात. एकीत माणसं, दुसरीत बकऱ्या. विचारायला गेलात तर बकरीला पण सासू म्हणतील, भाई!"

सगळे हसले. आणि त्या हसण्यात गिरधरच्या तोंडून निघून गेलं, "चुली मोजाव्यात."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान खाली घालूनच तो पुढं म्हणाला, "संध्याकाळी जिथं चूल पेटते, तिथं कुटुंब. भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात. बकऱ्या काही चूल पेटवत नाहीत."

"वा, मास्तर!" शेठ म्हणाले. त्याला सगळे मास्तरच म्हणायचे, शाळेत त्यानं कधी शिकवलं नसलं तरी. "पुस्तकं वाचल्याचा फायदा झाला बुवा एकदा!"

त्या रात्री गिरधरला भाकर गोड लागली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो आणि समितीचा शिपाई लोटन वस्तीत उतरले. ज्या झोपडीतून धूर निघे तिच्या मेढीवर, दाराजवळच्या खांबावर, लोटन गेरूचा ठिपका देई आणि गिरधर वहीत नाव लिही. लोटनची बडबड चालूच होती. "भाऊ, हाई घरमा धूर जास्त शे. दोन घरं लिखा, वांगानं भरीत करी राहिनात!"

नाल्याच्या अगदी कडेला, शेवटच्या आधीच्या झोपडीपाशी आकडा साठ झाला. बाहेर नसीम नावाची पिंजाऱ्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. गिरधरला नवल वाटलं. वरून आला तोच आकडा बरोबर! शेवटची एक झोपडी राहिली होती. दाराला गोणपाटाचा पडदा आणि आत अंधार. धूर नव्हता.

"आठे चूल नही," लोटन म्हणाला.

तेवढ्यात नसीम झाकलेली थाळी घेऊन उठली, त्याच पडद्याआड गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. गिरधरनं ते पाहिलं. आत कोण आहे, थाळी कुणासाठी, एवढं विचारायला हवं होतं. पण परक्या बाईशी आपण होऊन बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, साठ आकडा इतका नेमका जुळला होता की त्याला तो मोडावासाही वाटला नाही. त्यानं वही मिटली.

घरं जिनाच्या पलीकडच्या पडीक रानात उभी राहू लागली. खाजा गवंडी त्या कामावरचा मुख्य. एक दिवस, माघातल्या दुपारी, हातापायाला चुना लागलेला तसाच तो वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसला.

"मास्तर, एक घर राहिलंय."

"कोणाचं?"

"हमीदाचं. सरदार पिंजाऱ्याची घरवाली. तुम्ही मोजायला आलात त्याच्या आदल्या दिवशी सरदार गेला. आमच्यात मयतीच्या घरी तीन दिस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे खाऊ घालतात." खाजानं वर पाहिलं. "तुमच्यात तरी पेटते का?"

गिरधरच्या डोळ्यांपुढं स्वतःचं घर आलं. वडील गेले तेव्हा शेजारच्या यशोदाबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली होती, आणि आई म्हणाली होती, चुलीला हात लावू नकोस. हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं असं नव्हतं.

"मग ती नाव सांगायला का आली नाही?"

"कशी येणार? नवरा गेला की बाईला चार महिने दहा दिस नवऱ्याच्या घराबाहेर पडता येत नाही. परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मूलबाळ नाही, दीर नाही. कोण येणार?"

"मी सभेत सांगतो," गिरधर म्हणाला. "नक्की सांगतो."

खाजा समाधानानं उठून गेला. त्याचा विश्वास बसला, हेच पुढं गिरधरला जास्त डाचलं.

सभा भरली ती पेढे वाटूनच. काम वेळेवर चाललंय म्हणून धुळ्याहून शाबासकीचं पत्र आलं होतं. रतिलालशेठ ते तिसऱ्यांदा वाचून दाखवत होते. "साठपैकी साठ! आपल्या गावाचं नाव पुढं जाणार. कुणाला काही सांगायचंय?"

गिरधर उभा राहिला. रात्रभर घोकलेलं वाक्य ओठांवर होतं.

"शेठ, एक..."

"एक काय, मास्तर?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. शेठच्या हातात ते पत्र.

"एक... चाळीस नंबरच्या दाराचं बिजागर ढिलं आहे."

"बसवून टाका!" शेठ हसत म्हणाले, आणि सभा उठली.

एकतीस मार्चला सकाळी सामानानं भरलेल्या गाड्या नव्या घरांकडे निघाल्या आणि मागं झोपड्या पाडायला माणसं लागली. दोर टाकायचा, मेढ ओढायची, की कूड आडवा. दुपारपर्यंत ते नाल्याच्या कडेला पोचले. गोणपाटाच्या पडद्यासमोर खाजा हात पसरून उभा होता. हमीदाची चार महिने दहा दिवसांची मुदत पुरी व्हायला सोळा दिवस उरले होते.

त्या दिवशी मात्र गिरधर बोलला. तो तालुक्याहून आलेल्या अव्वल कारकुनापुढं गेला. "साहेब, सोळा दिवस थांबा. आत एक बाई आहे. तिचं घर मोजायचं राहून गेलं. चूक माझी आहे."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं यादी दोनदा चाळली. "इथं झोपडीच नाही दाखवलेली. तुमच्याच हातचा कागद आहे ना? आज नाला मोकळा झाला असं मला लिहून द्यायचंय. आता मी काय करू?"

गिरधरनं यादी हातात घेऊन शेवटचं नाव पुन्हा वाचलं.

शेवटी नसीमच आली. ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बठ्ठा मानसं सोळा दिन बाहेर वटावर झोपा. मी हमीदाले मना घरमा ली जास." नवऱ्यानं सासऱ्याकडं आणि दोन्ही दिरांकडं पाहिलं आणि मान डोलावली. मग तिनं पडद्याआड चादर दिली. हमीदा डोक्यापासून पायापर्यंत झाकून बाहेर पडली. हातात एक गाठोडं आणि सरदारची कापूस पिंजायची पिंजणी, एवढंच. पुरुषांनी आपण होऊन पाठी फिरवल्या. गिरधरनंही फिरवली.

त्याच्या पाठीमागं पावलं थांबली. हलकं काही बोलणं झालं. मग नसीमचा आवाज आला.

"मास्तर, हमीदा म्हनस, त्या दिन तिनी तुम्हले पडदाआडथून देखं व्हतं. तुम्ही आत नही उनात, काही नही विचारं. तिले वाटनं, भला मानूस शे. मयतना घरनी अदब ठेवस."

पावलं पुढं गेली. कुणीतरी दोर टाकला.

त्याच संध्याकाळी गिरधर अर्ज लिहायला बसला. एकसष्टावं घर मिळावं, मोजणी करणाऱ्याची चूक झाली आहे, तरी सरकारनं कृपाळू होऊन... पहिला मसुदा त्याला उर्मट वाटला, दुसरा लाचार. तिसऱ्यात स्वतःचा दोष पुरता उतरला नाही असं वाटून त्यानं तो फाडला. चौथ्यात दोष इतका झाला की मूळ मागणीच दिसेना. खाजा वाटेत भेटला की विचारी, "झाला का, मास्तर?" आणि गिरधर म्हणे, "होतोय. नीट व्हायला पाहिजे. पुन्हा चूक नको." सतराव्या दिवशी सकाळी सातवा मसुदा त्याच्या मनासारखा उतरला. खाली अंगठ्यासाठी जागा सोडून, शाईची डबी घेऊन, तो नव्या घरांकडे निघाला.

नसीमच्या दारापुढं तिचा नवरा आणि दीर ओट्यावरची खाट आडवी करून दारातून आत नेत होते. दार अरुंद, खाट काही वळेना.

"हमीदाबाई आहेत?" गिरधरनं विचारलं. परक्या बाईचं नाव त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं होतं.

"काल मुदत भरनी," नसीम आतून म्हणाली. "आज पहाटे चोपडाले गयी. भाऊकडे. गाडी जाई राहिनी व्हती, बसी गयी."

"परत येणार?"

"आठे कसाले येई? आठे तिनं काय शे?"

गिरधरनं अर्ज पुढं केला. नसीमनं पदराला हात पुसून तो घेतला, उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षराकडं बघून ती म्हणाली, "देखनं शे हो." आणि परत दिला.

खाट अजून दारातच अडकलेली होती. नवरा म्हणाला, "मास्तर, जरा त्या कोपराले हात लावा."

गिरधरनं अर्ज खिशात घातला, शाईची डबी ओट्यावर ठेवली आणि खाटेचा कोपरा धरला. सगळ्यांनी मिळून ती तिरपी केली, तशी ती आत गेली.