दर्भाचा कावळा

जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा मीच लावला होता. घोड नदीतली वाळू उपसून दरारा कमावलेल्या माझ्या वडिलांना, आप्पांना, तो आवडणार हे मला ठाऊक होतं, आणि मला राग त्याचाच होता. त्यातला टोळीचा म्होरक्या पोलिसांना खबर देणाऱ्या सख्ख्या भावाचा खून करवतो आणि आईशेजारी बसून जेवतो.

"लय बेस काढलाय," आप्पा म्हणाले. "तोंडावर नुसती सावली ठेवलीय बघ. बोलायची गरजच न्हाई."

माझे चुलते रोहिदास तहसीलदारांकडे वाळूची तक्रार करून आले, आणि आठ दिवसांत नदीत बुडाले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पोरींना शिकवू, काकूला सांभाळू, असे शब्द आम्ही सगळ्यांनी हात जोडून दिले. आप्पा तेवढे गप्प उभे होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

पडद्यावर म्होरक्यानं भावाच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली आणि तो गाडीत बसून निघून गेला.



"ह्यांचं बरं हाय," आप्पा म्हणाले. "ह्यांच्यात कावळ्याची वाट बघाया लागत न्हाई."