अर्धं बोट कमी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना चौकोन आहे. लांबी साडेनऊ इंच, रुंदीही साडेनऊ इंच. एका कोपऱ्यात खिळ्याला अडकवण्यासाठी भोक आहे. चौकोन होण्याआधी मी तेलाच्या डब्याची एक बाजू होतो. माझ्या पाठीवर अजूनही सूर्यफुलाच्या दोन पाकळ्या दिसतात. बाकीचं फूल कुठल्या चाळणीत गेलं, मला ठाऊक नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या खासगी बाजार नावाच्या पेठेत एका पत्रेवाल्याने मला कापलं. मंदाताई त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. मंदाताई म्हणजे मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. स्वतःची पट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला चार वेळा मोजलं आणि तीन वेळा परत केलं. शेवटी तो बिचारा म्हणाला, "बहनजी, हवाई जहाज में लगाना है क्या?" त्यावर मंदाताईंनी शांतपणे सांगितलं की गोधडीसाठी पाहिजे, आणि गोधडीत विमानापेक्षा जास्त सांधे असतात.

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी ज्या कामासाठी जन्मलो, ते काम असं. चार मैत्रिणी होत्या. दर महिन्याला एक विषय ठरायचा. वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि एक उचलायची: किटली, टांगा, पतंग, देवघर, मोर. मग प्रत्येकीने घरी त्या विषयाचे चार चौकोन करायचे. खाली एक कापड, त्याच्यावर रंगीत तुकड्यांचं चित्र, आणि चित्राच्या कडा बारीक तिरक्या टाक्यांनी बसवलेल्या. महिनाअखेर मंदाताईंच्या घरी जमायचं, एक चौकोन स्वतःला ठेवायचा आणि तिघींना एकेक द्यायचा. वर्षाला प्रत्येकीकडे अठ्ठेचाळीस चौकोन जमायचे. ते जोडले की गोधडी. तुमची गोधडी, पण तिच्यातले छत्तीस चौकोन मैत्रिणींच्या हातचे.

आता चार घरांत शिवलेले चौकोन एकमेकांना बिनबोभाट जुळायचे तर सगळ्यांचं माप एकच हवं. ते माप मी. वाटणी होण्याआधी प्रत्येक चौकोन माझ्याखाली यायचा. माझ्या कडेबाहेर कापड दिसलं तर कात्री. आणि माझ्या कडेपर्यंत कापड पोचलंच नाही तर चौकोन परत. हा मंदाताईंचा नियम, आणि त्याला अपवाद नव्हता.

मला तेव्हा फार मान होता. माझ्याआधी कुणी चहालासुद्धा हात लावत नसे. आणि मान असला की माणूस काय, पत्रासुद्धा सगळ्यांकडे जरा बारकाईने बघायला लागतो. सुधाताई दर महिन्याला पिशवी उघडताना म्हणायच्या, "माझं मेलीचं काही जमलेलं नाही." पहिल्या वर्षी हे वाक्य मी बारा वेळा ऐकलं, आणि बाराही वेळा त्यांचंच काम सगळ्यांत सुबक होतं. थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमधून येणारी नीलम चौघींत लहान. तिच्या चौकोनांत नवऱ्याचे शर्ट हटकून सापडायचे, आणि ते शर्ट तसे काही फाटलेले नसायचे. मंदाताई स्वतःचा चौकोन मात्र कधी माझ्याखाली ठेवत नसत, कारण तो बरोबरच असणार. दोनदा तो नव्हता. मी बोललो नाही.

चौथ्या लीलाताई. माधवगंजात मुलगा अभिराम आणि सुनेजवळ राहायच्या. मंदाताईंची त्यांची मैत्री शाळेपासूनची, एकमेकींना अगं-तुगं करण्याइतकी. लीलाताई डावखुऱ्या. त्या काळी मुलींना मारून-मुटकून उजव्या हाताने लिहायला लावत, तसं त्यांनाही लावलं. पण सुई कुणाला दिसत नसे म्हणून ती डाव्याच हातात राहिली. त्यांच्या चित्रांत गंमत असायची. सगळ्यांचे टांगे बाजारातून जायचे, यांचा टांगा घोड्याशिवाय उभा असायचा आणि घोडा कोपऱ्यात चारा खात असायचा.

पाच वर्षं असं छान चाललं. सहाव्या वर्षी पहिल्याच महिन्यात लीलाताईंचे चारही चौकोन माझ्या कडेपर्यंत पोचले नाहीत. अर्धं बोट कमी.

मंदाताईंनी ते परत दिले. लीलाताईंनी आठ दिवस खपून नवे करून आणले. पुन्हा अर्धं बोट कमी. चित्र बघाल तर सुरेख, मधोमध बसलेलं. पण कड सगळीकडून आत आलेली. नीलम म्हणाली, "ताई, इतना भी क्या, अर्धं बोटच तर कमी आहे." मंदाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने दोन अधिक दोन साडेतीन म्हटलं होतं.

तेव्हा लीलाताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. थेंब चालू होते, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. समोरचं, मधलं दिसायचं. कडा मात्र अंधारात चालल्या होत्या. हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगून गेल्या. मग चौकोनांची घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "जेव्हा माझे घ्यायचे नसतील, तेव्हा तोंडावर सांगा. मागून नको."

तिघींनीही हो म्हटलं. मी ऐकलंय.

त्या गेल्यावर तिघी विचार करायला बसल्या. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. घरात सुनेने त्यांच्या हातातली विळी काढून घेतली होती, गॅसजवळ जाऊ देत नव्हते, मंदिरातही एकट्या पाठवत नव्हते. महिन्याचे हे चार चौकोन तेवढे त्यांचे स्वतःचे उरले होते. ते बंद करा म्हणायला कुणाची जीभ उचलेना. आणि आखूड चौकोन घ्यायला मंदाताईंचा हात उचलेना. शेवटी सुधाताईंनी वाट काढली. लीलाताईंचे चारही चौकोन हसत घ्यायचे; त्यांचा स्वतःचाही, तुमची गोधडी आम्ही जोडून देऊ म्हणून, ठेवून घ्यायचा, आणि माप पुढच्या महिन्यात लावायचं. नंतर घरी नेऊन चित्र उसवायचं, पुऱ्या मापाच्या नव्या कापडावर तेच चित्र तसंच बसवायचं. तेच तुकडे, तोच रंग, तीच जागा. त्यांना सांगायचं नाही. एक महिना सुधाताई, एक महिना नीलम, एक महिना मंदाताई.

मित्रांनो, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. चांगुलपणाचा कारखाना निघाला होता आणि तिन्ही पाळ्यांत काम चालू होतं. सुधाताई तर त्या महिन्यांत दुप्पट मेहनत करायच्या आणि "काही जमलेलं नाही" म्हणणंही विसरायच्या. वर्षभरात बारा विषय झाले. लीलाताईंचे अठ्ठेचाळीस चौकोन उसवून पुन्हा शिवले गेले आणि प्रत्येक वेळी माझ्याखाली बरोबर भरले. सगळे कौतुक करायचे, "बघा, लीलाताईंचं माप कसं सुधारलं." लीलाताई ऐकायच्या, आणि घरी जाताना पाठ ताठ असायची.

फक्त एक गोष्ट तिघींच्याही ध्यानात आली नाही. तिघी उजव्या हाताच्या होत्या.

जानेवारीत गोधड्या पुऱ्या झाल्या; लीलाताईंची सुधाताईंनी जोडून दिली. त्यांची एक पद्धत होती. शहरातला हिवाळी मेळा सुरू झाला की एका दुपारी मंदाताईंच्या गच्चीवर चारही गोधड्या उन्हात पसरायच्या, आपली सोडून दुसरीच्या गोधडीवर बसायचं आणि माझ्यावर मांडलेली गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, खायची. लीलाताई मंदाताईंच्या गोधडीवर बसल्या. बोलता बोलता त्यांचा हात कापडावर फिरत होता. एका ठिकाणी थांबला. तिथे देवघराचा चौकोन होता, त्यांचाच, ज्यात देव देव्हाऱ्यात नव्हते, बाहेर ऊन खात बसले होते. त्यांनी बोटाने एका देवाची कड चाचपली. मग गोधडी उचलून डोळ्यांसमोर, अगदी नाकाजवळ धरली. मग दुसरा चौकोन, तिसरा. उठून सुधाताईंच्या गोधडीशी गेल्या. नीलमच्या. शेवटी स्वतःच्या.

"मंदा," त्या म्हणाल्या, "माझा टाका डावीकडे झुकतो. यातला एकही झुकत नाही."

सुधाताईंनी हातातला गजकेचा तुकडा परत माझ्यावर ठेवला. नीलम लहान असल्यामुळे खरं तिच्याच तोंडून निघालं. सगळं. उसवणं, नवं कापड, पाळ्या. म्हणाली, "ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केलं. बुरा मत मानो."

"वाईट वाटलं असतं," लीलाताई म्हणाल्या. "दोन दिवस वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी चहाला आले असते." मग त्यांनी चारही गोधड्यांकडे पाहिलं. त्यांना कितपत दिसलं असेल, मी सांगू शकत नाही. "वर्षभर शिवत होते मी. आता यात मी कुठे आहे, दाखवा."

त्या खरंच कुठे नव्हत्या. त्यांचे दोरे कधीच केरात गेले होते.

त्यानंतर पाच आठवडे त्या आल्या नाहीत. फोन लावला की सून सांगायची, झोपल्यात. सुधाताई दोनदा डबा घेऊन गेल्या आणि दोनदा डबा तसाच परत आणला. महिनाअखेर तिघी जमल्या, पण वाटीतली चिठ्ठी कुणी उचलली नाही. मला वाटलं, आता हे मोडलं. मला स्वतःची लाज वाटत होती असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण त्या अर्ध्या बोटाचा पहिला साक्षीदार मीच होतो ना.

मग एके सकाळी मंदाताईंनी मला खिळ्यावरून काढून पिशवीत टाकलं आणि रिक्षाने माधवगंजात गेल्या. मी मनात म्हटलं, बाई आता नियम समजावणार. लीलाताई खिडकीशी बसल्या होत्या. मंदाताई समोर बसल्या. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या माणसाला स्वतःची चूक सांगायला शब्द सापडत नाहीत. दोन वेळा हवापाण्याची चौकशी झाली. शेवटी त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि पालथा करून पलंगावर ठेवलं, पाकळ्या वर.

"चार चौकोन कर," त्या म्हणाल्या. "जसे होतील तसे. हा मी लावणार नाही."

"मग बसतील कसे?"

"ते आमचं काम."

"उसवशील?"

"माझं उसवीन. तुझं नाही."

लीलाताईंनी सुनेला हाक मारली आणि कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं मागितलं. सून म्हणाली, आई, डोळ्यांना ताण नको. लीलाताईंनी सांगितलं की डोळ्यांचं काम नाहीच आहे, बोटांचं आहे.

तीन आठवड्यांनी चौकोन आले. चौघी बसलेल्या आहेत असं चित्र. त्यांतली एक सगळ्यांकडे पाठ करून. कड पुन्हा आखूड, या वेळी पाऊण बोट. मंदाताईंनी आपल्या गोधडीच्या मधल्या भागातला, स्वतःच शिवलेला चौकोन उसवला आणि तिथे हा धरला. भोक मोठं, चौकोन लहान. भोवती एखादी पट्टी जोडली असती तर सगळं सपाट बसलं असतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. पण त्यांनी पट्टी जोडली नाही. शेजारचे आठ चौकोन ओढून आत घेतले आणि शिवले. त्यामुळे भोवताली चुण्या पडल्या. मंदाताईंच्या गोधडीत अकरा, सुधाताईंच्या नऊ. नीलमच्या सतरा, कारण नीलम कुठलंही काम थोडं जास्तच करते. चौथा चौकोन सुधाताईंनी लीलाताईंच्या स्वतःच्या गोधडीत लावला. तिथल्या चुण्या मात्र मला मोजायला मिळाल्या नाहीत.

लीलाताई आल्या तेव्हा मंदाताईंनी त्यांचा हात धरून गोधडीवर ठेवला. बोटं चित्राच्या कडेने फिरली. टाके डावीकडे झुकत होते. बोटं तिथेच थांबली, मग हळूहळू बाहेर सरकली.

"अगं, इथे चुण्या पडल्यात," त्या म्हणाल्या. "मंदा, तुझी शिवण बिघडली."

"हो," मंदाताई म्हणाल्या. "बिघडली."

आणि दोघी हसायला लागल्या. सुधाताईंनी चहा ठेवला. नीलमने वाटी आणून पुढ्यात धरली आणि लीलाताईंनी चिठ्ठी उचलली.

मित्रांनो, आता मला पूर्वीइतका मान नाही. तीन जणींचे चौकोन माझ्याखाली येतात, आता मंदाताईंचेही; चौथीचे येत नाहीत. उरलेला महिना मी मंदाताईंच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून असतो. गोल पातेल्यावर चौकोनी झाकण नीट बसत नाही, चार कोपरे बाहेर राहतात, आणि त्याबद्दल मला अजून कुणी परत केलेलं नाही.

तुम्ही शाळेत मापं शिकाल, आणि ती शिकायलाच हवीत. माझ्यासारखे साचे गंजू देऊ नका, आम्हाला पुसून कोरड्या जागी टांगा. पण एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा हात कापत असेल, कुणाची नजर अधू झाली असेल, आणि त्यांनी केलेलं काम तुमच्या मापात बसत नसेल, तर त्यांच्या मागे ते गुपचूप सुधारून ठेवू नका. त्यांना तोंडावर सांगा. ते रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तेवढे दोन दिवस धीर धरा, आणि मग त्यांच्या बाजूने तुमचं कापड थोडं आत ओढून घ्या.