दुसरी साखळी

"काय गं नेली, तुझी ऑलिव्ह महापौर होणार म्हणे! आता तुझी काय, चैनच चैन!" मतदान चाललेल्या शाळेच्या फाटकाशी थांबून म्हातारी क्लेगबाई म्हणाली.

नेली हॉवर्थने कोटावरचं रिबिनीचं लाल फूल सरळ केलं. "आधी मत तर दे, मग होईल महापौर. मतदारयादीतला नंबर काय तुझा?"

म्हातारीने नंबर सांगितला आणि काठी टेकत ती आत गेली. नेलीने तो टिपून घेतला. शेजारच्या खुर्चीवर कोटाला निळं फूल लावून मिस गॉर्स बसली होती, तिनेही टिपला. मिस गॉर्स म्हणजे हुजूर पक्षाच्या पर्सी गॉर्सची धाकटी बहीण. पर्सी दर निवडणुकीत ऑलिव्हच्या विरोधात उभा राहायचा आणि दर निवडणुकीत पडायचा. दोघी मात्र दर वेळी अशाच फाटकाशी शेजारी शेजारी बसून एकाच थर्मासातला चहा प्यायच्या. भांडण पक्षांचं, थंडी दोघींची.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. मे महिना असूनही कालव्यावरून बोचरा वारा येत होता, आणि येईल तो माणूस ऑलिव्हचं कौतुक नेलीच्या पदरात टाकून जात होता. नेली तोंडभर हसत होती आणि आतल्या आत जळत होती.

रॉथनशॉ गावात महापौरपद ज्येष्ठतेने मिळायचं. नेलीची मैत्रीण ऑलिव्ह टॅटरसॉल अठरा वर्षं कॅनल वॉर्डातून निवडून येत होती आणि या अडुसष्ट साली पाळी तिची होती. अट एवढीच की आजची निवडणूक तिने जिंकायला हवी. त्याची काळजी कुणाला? कॅनल वॉर्डात मजूर पक्षाने लाल फूल लावून दगड उभा केला तरी तो निवडून येतो, असं सगळे म्हणायचे.

"एक विचारू का नेलीबाई?" मिस गॉर्सने कपात चहा ओतला. "तुमच्या ऑलिव्हला नवरा नाही. मग महापौरीण कोण व्हायची? दुसरी साखळी कुणाच्या गळ्यात पडणार?"

नेलीने कप खाली ठेवला. महापौराच्या गळ्यातल्या जड साखळीच्या जोडीला एक लहान साखळी असायची. ती महापौराच्या बायकोची. महापौर एकटी बाई असली तर ती एखाद्या जवळच्या बाईला महापौरीण म्हणून निवडायची, आणि वर्षभर दोघींनी जोडीने मिरवायचं.

"मला काय ठाऊक?" नेली म्हणाली. "तिची ती जाणे."

"मला वाटलं तुम्हालाच..."

"मला कशाला? मी काय, शाळेत पोरांना वाढणारी बाई. माझे हात बघा."

मिस गॉर्सने खरंच बघितलं आणि पटकन दुसरीकडे मान वळवली. सोड्याच्या पाण्याने नेलीचे हात भेगाळले होते आणि भेगांत छपाईची शाई बसली होती. अठरा वर्षं पत्रकांच्या यंत्राचा दांडा कुणी फिरवला? नेलीने. पावसात दारोदार कोण हिंडलं? नेली. पांगळ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून मतदानाला कुणी आणलं? नेलीनेच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आणि भाजल्या त्या कुणासाठी, तर ऑलिव्हसाठी.

आणि मुळात ती उमेदवारी तरी कुणाची होती? पन्नास साली वॉर्डातल्या पक्षाच्या लोकांनी नाव सुचवलं होतं ते नेलीचं. सभेत तिला म्हणाले, चार शब्द बोल. नेली उठली, समोर ओळखीचीच तोंडं होती, पण घशातून आवाज फुटेना. शेजारी बसलेली ऑलिव्ह उठली आणि म्हणाली, "तिच्या वतीने मी सांगते." मग ऑलिव्ह अशी काही बोलली की सभेने टाळ्या वाजवल्या आणि तिलाच उमेदवार केलं. ऑलिव्ह नको नको म्हणत होती, हे खरं. पण आयत्या बिळावर नागोबा तो नागोबाच! नेलीने त्या दिवशी मैत्रिणीला मिठी मारली होती. तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलं नव्हतं.

या साली मात्र तिला वाटलं होतं, ती लहान साखळी तरी आपल्याला मिळेल. कुणाला बोलली नव्हती. रात्री भांडी घासताना एकदा उगाच गळ्याला हात लावून बघितला होता, एवढंच.

आणि गेल्या शनिवारी तिने कापडाच्या दुकानाच्या काचेतून पाहिलं. ऑलिव्ह आपल्या भाचीला, जूनला, घेऊन आत उभी होती. जून हातात पांढरे हातमोजे चढवून बघत होती, बोटं पसरून, मिटून. ऑलिव्ह कौतुकाने म्हणत होती, "बसले गं, अगदी बरोबर बसले." नेली आत शिरली तशी ऑलिव्हने घाईघाईने खोका गल्ल्यामागे सरकवला आणि हवेबद्दल बोलायला लागली.

म्हणजे महापौरीण म्हणून त्या पोरीला घेणार! काल जन्मलेली ती पोर, तिला घेणार! जिने एक पत्रक कधी कुणाच्या दारात टाकलं नाही, तिला! शनिवारपासून नेलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"मी मत टाकून येते," ती मिस गॉर्सला म्हणाली. "माझी खुर्ची बघा."

आत शाळेच्या वर्गात लाकडी आडोसा उभा केला होता. दोरीला बांधलेली पेन्सिल लोंबत होती. कागदावर दोनच नावं होती. अक्षरांच्या क्रमाने वर गॉर्स, खाली टॅटरसॉल. नेलीने पेन्सिल उचलली. निवडून तर ती येणारच आहे, तिने मनाशी म्हटलं. अठरा वर्षं तिला दिलं. एकदा, एकदाच मला नाही द्यायचं.

तिने वरच्या नावापुढे मताची फुली मारली. चांगली ठसठशीत मारली. घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर येऊन मिस गॉर्सला स्वतःच्या डब्यातला जिंजर केक खायला दिला, तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन हॉलमध्ये होती. लाल फूल लावलेली माणसं पहिल्या तासातच गप्प झाली. लंडनच्या मजूर सरकारवर लोक चिडलेले होते आणि राग काढायला हाताशी होता तो आपला वॉर्ड. गठ्ठे समोरासमोर वाढत गेले. शेवटचा गठ्ठा मोजून झाला तेव्हा पालिकेचा कारभार बघणाऱ्या टाउन क्लार्कने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

"दोन्ही उमेदवारांना समान मतं," टाउन क्लार्क म्हणाला. "कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकावी लागेल."

नेली समोरच्या दोन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. ती नुसती घरी बसून राहिली असती, तरी ऑलिव्ह निवडून आली असती.

बिस्किटांचा रिकामा डबा आणला. दोन चिठ्ठ्या घडी करून आत टाकल्या, डबा हलवला. टाउन क्लार्कने मान वर करून, छताकडे बघत हात घातला. चिठ्ठी उलगडली.

"पर्सी गॉर्स."

"अहो, काय सांगता काय!" पर्सीच ओरडला. "मी तर... मला तर पडायचीच सवय!" निळ्या फुलांची मंडळी त्याच्यावर तुटून पडली आणि मिस गॉर्स भर सभागृहात रडायला लागली.

ऑलिव्हने जाऊन पर्सीचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. आवाज जराही कापला नाही. मग ती नेलीला धरून बाहेरच्या बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी घेऊन आली.

"एक मत गं, नेली," ती म्हणाली. "फक्त एक. कुणीतरी म्हटलं असेल, जाऊ दे, काय होतंय एका मताने. आणि बसलं असेल घरी चहा पीत."

नेलीच्या तोंडून शब्द फुटेना. सभेत फुटला नव्हता, तसाच.

"रडतेस काय वेडे? मी रडायचं की तू?" ऑलिव्हने तिचे डोळे स्वतःच्या रुमालाने पुसले. मग खुंटीवरच्या पिशवीतून तिने एक चपटा खोका काढला. "हे घे. आता उपयोग नाही, पण आणलंय ते तुझंच आहे. शनिवारी जवळजवळ पकडलंच होतंस मला!"

खोक्यात पांढरे हातमोजे होते.

"जूनचे हात तुझ्याच मापाचे, म्हणून तिला नेलं होतं. म्हटलं, महापौरीणबाईंना वर्षभर शेकडो लोकांशी हात मिळवावा लागेल, आणि ही बया शाईचे हात पाठीमागे लपवत उभी राहील. ओळखते ना मी तुला!" ऑलिव्ह हसली, पण डोळे भरले होते. "ती पन्नास सालची सभा माझ्या मनातून कधी गेली नाही गं. वाटलं होतं, या साली दोघी मिळून मिरवू."

नेलीने तोंड उघडलं. सांगावं, आत्ता, इथेच. पण कुणीतरी "ऑलिव्हताई!" म्हणत बोळात आलं, ऑलिव्ह तिकडे वळली, आणि नेलीने तोंड मिटलं. ते पुढे कायमचंच मिटलं.

महिनाअखेरीस नव्या महापौराचा समारंभ झाला. ज्येष्ठतेत पुढचा असलेला, वरच्या वॉर्डातला एक खाटीक महापौर झाला. ऑलिव्ह आणि नेली वरच्या गॅलरीत बसल्या होत्या. अठरा वर्षांत ऑलिव्ह पहिल्यांदाच तिथून खाली बघत होती.

"घाल की गं ते," ऑलिव्ह कुजबुजली. "नुसते मांडीवर घेऊन काय बसलीस?"

नेलीने हातमोजे घातले. अगदी बरोबर बसले.

खाली लाल झगा घातलेल्या महापौराच्या गळ्यात मोठी साखळी घातली. मग त्याची बायको, गोल गुबगुबीत, लाजत पुढे आली आणि टाउन क्लार्कने लहान साखळी तिच्या खांद्यांवर ठेवली. सगळं सभागृह उभं राहिलं. ऑलिव्ह उभी राहिली आणि मनापासून टाळ्या वाजवू लागली.

नेलीही उभी राहिली. तीही वाजवत होती, जोरजोरात, हातांना कळ येईपर्यंत. हातमोज्यांतून काही आवाजच येत नव्हता.