बदामाच्या सावलीतला आकडा

मी एक जुना वेगमापक आहे. आमच्याकडे मला या नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे पिस्तूल म्हणतात. मला दांडा आहे, चाप आहे, नळीच्या जागी पसरट काळे तोंड आहे, तेव्हा त्यांचेही चुकत नाही. घाबरू नका मित्रांनो, माझ्यातून गोळी सुटत नाही. समोरून आलेला बेसबॉलचा चेंडू ताशी किती मैलांनी आला, तेवढेच मी सांगतो. एवढ्याशा कामात मी एका मुलाचा हात घालवला. हे सांगायची मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो. ज्याची लाज वाटत नाही ते सांगणारे आमच्या मैदानावर पुष्कळ आहेत.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईला सर्दी झाली होती, एवढे आठवते. पेटीत माझ्यासोबत दोन पायांचा एक लोखंडी काटा ठेवला होता. तो आपटून माझ्या तोंडासमोर धरला की माझ्यावर पासष्ट हा आकडा उमटला पाहिजे. उमटला, तर मी ठीक. एका मोठ्या संघाने मला विकत घेतले आणि समुद्र ओलांडून सान पेद्रो नावाच्या उसाच्या गावी, दोन एलिहिओ पेगेरो यांच्या हातात दिले.

माणूस एकच; 'दोन' हा तिकडे नावाआधी लावायचा मान, आपल्या 'राव'सारखा. दोन एलिहिओ पारखी होते. उसाच्या फडांमधली मैदाने हिंडायची, चेंडू फेकणारी पोरे बघायची आणि त्यांतले कोणते मोठे होईल ते संघाला कळवायचे, हे त्यांचे काम. पहिल्या वर्षांत ते मला पिशवीतच ठेवत. आधी पोराकडे बघत. पुढचा पाय कसा टाकतो, मनगट केवढे आहे, चेंडू वाईट पडला तर तो झेलणाऱ्या कॅचरवर डाफरतो की स्वतःवर हसतो, हे सगळे वहीत लिहीत. एकेका पोराला एकेक पान. मग शेवटच्या पाच चेंडूंना मला बाहेर काढत, कॅचरच्या पाठीमागे जाळीला टेकून भर उन्हात उभे राहत आणि चाप दाबत.

ती जागा महत्त्वाची आहे. चेंडू सरळ माझ्याकडे येत असेल तर मला त्याचा खरा वेग कळतो. मला बाजूला बसवले आणि चेंडू तिरका गेला, तर मला कमी कळतो. यात माझा दोष नाही, माझी घडणच तशी आहे. या धंद्यात हे प्रत्येकाला माहीत असते.

दोन एलिहिओंनी पाठवलेली तीन पोरे मोठी झाली. मग लोक म्हणू लागले, "एलिहिओचं पिस्तूल खोटं बोलत नाही." इतर पारखी आपला आकडा तळहाताने झाकत, कारण दुसऱ्याला कळला तर पोरगा हातचा जायचा. दोन एलिहिओ मात्र मोठ्याने ओरडून सांगत. त्यांचा तो रुबाब होता. खरे सांगतो, मीही फुगलो. त्यांच्या वहीत आता पानाऐवजी ओळ येऊ लागली. मग ओळीऐवजी नुसता माझा आकडा येऊ लागला. मला त्याचे वाईट वाटायला हवे होते. मला बरे वाटले.

मग त्यांचे गुडघे गेले.

चिचो नावाच्या मास्तरचे एक मैदान आहे. तो पोरांना शिकवतो आणि पोरगा संघात लागला की त्याच्या पैशातून आपला वाटा घेतो. त्याच्या मैदानाच्या कडेला बदामाचे झाड आहे, आणि झाडाखाली हात असलेली एकच खुर्ची. चिचोने ती घरून आणली होती. तिच्यावर आलेल्या पारख्यांतला सर्वांत वयस्कर माणूस बसतो. तो मान असतो. नाही म्हणणे म्हणजे चिचोच्या घरचे पाणी नाकारण्यासारखे. दोन एलिहिओ बसले. पहिल्या वर्षी ते हसून म्हणत, "इथून दोन-तीन मैल कमी दिसतात हं, मिळवायला हवेत." दुसऱ्या वर्षी नुसतेच मिळवत. तिसऱ्या वर्षी मिळवायचेही विसरले. सावलीत माणूस लवकर विसरतो. मी विसरलो नव्हतो, पण मला विचारतो कोण?

ब्रेलिन तिथलाच. पंधरा पूर्ण, पुढच्या महिन्यात सोळा. लांबलचक हात, आणि बोलणे इतके कमी की चिचो त्याला "मुका" म्हणायचा. त्याची आई मिरेया मैदानाच्या फाटकाशी कच्ची केळी तळून विकायची. सोळाव्या वर्षी संघाचा करार झाला तर झाला, नंतर दरवर्षी नवी पोरे येतात आणि जुन्यांकडे कोणी बघत नाही. दोन एलिहिओंच्या संघात त्या वर्षी एकच जागा उरली होती. वरून स्पष्ट कळवले होते: नव्वदच्या खालचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पाठवू नका.

त्या दिवशी सकाळीच ब्रेलिनच्या कोपराला मिरेयाने एरंडाचे गरम पान बांधले होते. मैदानात येताना त्याने ते काढून खिशात कोंबले. आमच्याकडे "दुखतंय" म्हणणाऱ्या पोराचे नाव सगळ्या पारख्यांच्या वहीतून एकदम जाते. आदले दोन दिवसही चिचोने त्याला दुसऱ्या संघांच्या माणसांसमोर फेकायला लावले होते. दोन एलिहिओंनी ते विचारले नाही. पूर्वी त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा.

दोन एलिहिओ खुर्चीत बसले. बुटाच्या टाचेवर काटा आपटला. पासष्ट. "बघा," ते म्हणाले, "घड्याळ चुकेल, हे नाही चुकणार." जाळीमागे उन्हात रुबिएल नावाचा दुसऱ्या संघाचा तरुण पारखी उभा होता. त्याचे पिस्तूल नवे, आणि आकड्यावर त्याचा तळहात.

पहिला चेंडू सुटला. माझ्यावर आकडा उमटला.

"अठ्ठ्याऐंशी!" दोन एलिहिओ ओरडले.

"काय रे मुक्या," चिचो म्हणाला, "जेवला नाहीस का? माझी म्हातारी याहून जोरात चप्पल फेकते."

पोरे हसली. ब्रेलिन हसला नाही. त्याने परत फेकला.

"अठ्ठ्याऐंशी!"

वीस चेंडूंचे ठरले होते. विसाव्याला मी एकोणनव्वद दाखवला. चिचोने हात जोडले. "दोन एलिहिओ, एका मैलासाठी पोराला नाही म्हणू नका हो. अजून दहा."

"फेकू दे की," दोन एलिहिओ म्हणाले. "मी कुठे पळतोय? पण आकडा मी वाढवून सांगणार नाही हं."

"ते कोण म्हणतंय? तुमच्या पिस्तुलावर माझा विश्वास आहे."

माझ्यावर विश्वास! मित्रांनो, माणसाने आपल्या डोळ्यांनी बघायचे सोडले की त्याला तो विश्वास म्हणतो. दोन फेकींच्या मध्ये ब्रेलिनचा डावा हात उजव्या कोपराकडे जात होता. प्रत्येक वेळी. कोणी पाहिले नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त मिरेया बघत होती. कढईतला झारा तसाच हातात घेऊन ती फाटकातून आत आली.

"मास्तर, पुरे करा. त्याचा हात बघा जरा."

"बाई, तुमची केळी जळतायत," चिचो म्हणाला.

"जळू देत. ब्रेलिन, राजा, दुखतंय का?"

ब्रेलिनने दोन एलिहिओंकडे बघितले. मग माझ्याकडे. "नाही, आई."

"एकोणनव्वद!"

दहाचे वीस झाले, विसाच्याही पुढे गेले. त्रेचाळिसाव्या चेंडूला आवाज आला. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. चेंडू कॅचरपर्यंत पोचलाच नाही. माझ्यावर काही उमटले नाही. ब्रेलिन कोपर पोटाशी धरून खाली बसला आणि मिरेया झारा टाकून धावली. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि सगळ्या मैदानाकडे बघत म्हणाली, "आता सांगा की किती आला! ओरडा ना!"

पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले.

मैदान रिकामे झाल्यावर रुबिएल खुर्चीपाशी आला. त्याला खाली बघवत नव्हते आणि वरही बघवत नव्हते.

"पहिल्याच चेंडूला माझ्याकडे एक्याण्णव होता," तो म्हणाला. "सतराव्याला त्र्याण्णव."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सोडलात तर तो मला मिळणार होता. आणि, राग मानू नका, कुठे बसायचं हे मी तुम्हाला सांगायचं का?"

दोन एलिहिओंनी जाळीकडे बघितले. मग बदामाकडे. मग काटा काढून टाचेवर आपटला. पासष्ट. पुन्हा आपटला. पासष्ट. माझ्यात काहीच बिघडलेले नव्हते. मी त्या दिवशी मनापासून इच्छा केली की माझी एखादी तार तुटलेली निघावी.

संघाला त्यांनी काय कळवले ते ऐका. "वेग ८९. कोपर कमजोर." बस्स. त्रेचाळीस लिहिले नाहीत, खुर्ची लिहिली नाही. पुरावा म्हणून माझा आकडा होता. माझ्यासारखा सोयीचा साक्षीदार मिळत नाही. विचारले तेवढेच बोलतो आणि कुठे बसवले होते ते सांगत नाही.

करार न झालेल्या पोराच्या हाताचे संघाला काय? ब्रेलिनचे कोपर उशिरा कापले, उशिरा शिवले. ते आता सरळ होत नाही. तो मोटारसायकलवरून माणसे पोचवतो.

वर्षभराने दोन एलिहिओंनी काम सोडले. एका दुपारी मला पिशवीत घालून ते मिरेयाच्या कढईसमोर जाऊन उभे राहिले.

"मिरेया, तुमच्या पोराचे चेंडू पहिल्यापासून नव्वदच्या वर होते. मी सावलीत बसलो होतो."

ती केळी उलटत राहिली. "हे आत्ता सांगताय?"

"हो."

"का? चैन पडत नाही म्हणून?"

त्यांनी मान हलवली.

"म्हणजे तुम्हाला चैन पडावं म्हणून मी हे ऐकायचं. वा, दोन एलिहिओ! माझ्या पोराला मी वर्षभर सांगत होते, राजा, तू कमी पडलास तर पडलास, देवाची मर्जी. आता काय सांगू?"

त्यांनी मला तिच्या फळीवर ठेवले. "हे तुम्ही घ्या. विकलंत तरी—"

"विकू? दुसऱ्या कुठल्या आईच्या पोरावर रोखायला?"

ते गेले. मी राहिलो. मिरेयाने मला फेकले नाही, फेकण्याइतकाही मान दिला नाही. मांजर घेवड्याच्या पातेल्यात तोंड घालते म्हणून तिने मला झाकणावर वजन म्हणून ठेवले. दोन वर्षे मी वाफ खाल्ली. मित्रांनो, ते काम मी चोख केले. मांजराला एक दाणा मिळाला नाही.

मग एक दिवस चिचो आला. गाल बसलेले, तोंडात साखर.

"ब्रेलिन, तुझ्याकडे ते पिस्तूल आहे ना रे? माझं बंद पडलंय. देइविस म्हणून एक पोरगा आहे, तेरा वर्षांचा, काय हात आहे! परवा मोठा माणूस येतोय. आधी एकदा मोजून घेतो."

मिरेयाने झारा उचललाच होता. ब्रेलिन म्हणाला, "थांब, आई. मास्तर, मी घेऊन येतो. पण चाप मी दाबणार."

त्याने मला पुसले. माझ्या फटींतला घेवडा काडीने काढला. नव्या बॅटऱ्या घातल्या. या मुलाच्या हातात मी पेटलो तेव्हा मला वाटले, पेटूच नये.

मैदानावर ती खुर्ची होतीच. "बस ना," चिचो हसून म्हणाला, "आता तू पारखी. मान तुझा."

"तुम्हीच बसा," ब्रेलिन म्हणाला, आणि कॅचरमागे जाळीला टेकून उन्हात उभा राहिला. त्याचा वाकडा हात मला नीट सरळ धरू शकत नव्हता, म्हणून त्याने मला डाव्या हातात घेतले.

देइविसने फेकले. एक, दोन, तीन. ब्रेलिन आकडा बघत नव्हता. पोराचा रिकामा हात बघत होता. चौथ्या चेंडूनंतर तो हात कोपराकडे गेला आणि पटकन खाली आला.

"दुखतंय?"

"नाही."

"मीपण असंच म्हटलं होतं," ब्रेलिन म्हणाला. "पुन्हा विचारतो. दुखतंय?"

पोराने चिचोकडे बघितले. ब्रेलिन मध्ये जाऊन उभा राहिला, त्याला चिचो दिसू नये असा. पोराचे ओठ हलले. मग त्याने मान डोलावली.

"घरी जा. महिनाभर चेंडूला हात लावायचा नाही."

"अरे!" चिचो खुर्चीतून उठून धावत आला. "महिना? परवा माणूस येतोय! निदान किती आला ते तर सांग!"

ब्रेलिनने मला उलटे करून छातीशी धरले आणि माझ्या बॅटऱ्या काढल्या.

मी पुन्हा पातेल्यावर आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी यंत्रे असतील, आकडे सांगणारी, कधी न चुकणारी. ती कुठे बसवली आहेत ते आधी बघा. आणि कोणाला ती लावायच्या आधी त्याला विचारा, दुखतंय का. तो नाही म्हणाला तरी त्याच्या हाताकडे बघा.

देइविसच्या चौथ्या चेंडूचा आकडा माझ्यावर उमटला होता. या खेपेला मी योग्य जागी होतो आणि तो अगदी खरा होता. चिचोला तो कळला नाही. तुम्हालाही मी सांगणार नाही.