जमिनीपर्यंत खोड

तिचं मूल जन्मताच गेलं, त्याला महिना झाला होता. ती पुन्हा पडद्यांच्या कारखान्यात नक्षी काढायला बसली. बाळामागून पडलेली, नर्सने दाखवलेली वार तेवढी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. नाळेपासून निघालेली जाड शीर, तिला फांद्या, फांद्यांना तशाच बारीक फांद्या. तिने तेच काढलं.

“झाड झकास झालंय,” कारखान्याचे मास्तर म्हणाले. “पण खोड अधांतरीच सोडलंस, पोरी. हवेत लटकणारं झाड विकायला मी काय जादूगार आहे? जमिनीपर्यंत आण की.”

नाळ तिथेच कापली होती. पट्टी लावून तिने खोड खाली ओढलं, मग आणखी खाली, आणि कागद संपल्यावर टेबलावरही.

“पुरे गं आता,” मास्तर हळूच म्हणाले.