मोठा व्हॉल्व्ह

आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही. दारव्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मागच्या बाजूला घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार उपसून नवी भरतो. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं. माझी कौसल्या आत्या मात्र गावभर सांगायची की आमचा अश्वजित इंजिनियर आहे. माझे आईबाप लवकर गेले, तिनं बावीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस वाहून मला शिकवलं. तेव्हा एवढं खोटं बोलायचा तिला हक्कच होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

टेस्ला कॉइलचं खूळ मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून डोक्यात शिरलं. जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह, शेजारी प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळलेली बारीक तार, आणि तारेच्या टोकातून थेट हवेत निघणारी जांभळी ठिणगी. तार गुंडाळणं तर आपला धंदाच. बंद पडलेल्या टॉकीजच्या अॅम्प्लिफायरमधले दोन व्हॉल्व्ह मिळाले, भंगारातून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणला. पाइपावर अकराशे वेढे भरले, एकही दुसऱ्यावर चढू दिला नाही, वरून वार्निश मारलं. चालू केलं तर ढिम्म. तीन दिवस खोलत-जोडत बसलो. शेवटी कळलं की व्हॉल्व्हला परत वीज पुरवणाऱ्या छोट्या गुंडाळीची दोन टोकं मीच उलटी जोडली होती. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही. टोकं फिरवली आणि चार बोटं ठिणगी उभी राहिली, गुणगुणत.

त्यावर समाधान मानलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला चैन पडेना. व्हॉल्व्हमधला पत्रा लालबुंद व्हायचा, म्हणजे ताकद ठिणगीत न जाता तिथंच जळत होती. कपॅसिटर बदलले, वेढे कमी-जास्त केले, छोटी गुंडाळी सुतासुतानं वर सरकवली. पत्रा काळा राहिला आणि ठिणगी वीतभर झाली. बायको, नलू, वैतागून म्हणाली, "या खेळण्यापायी लोकायच्या मोटारी पडून राह्यल्या, समजते का तुमाले?" समजत होतं, पण कोण ऐकतो!

आत्या दुपारी दुकानात खुर्ची टाकून बसायची. तिच्या हातात मी ट्यूबलाइट दिली आणि बटण दाबलं. ना तार ना होल्डर, ट्यूब हातातच पेटली. लहान पोरीसारखी हसली. मग एक दिवस तिनं खुर्ची पुढं ओढली आणि दुखरा गुडघा कॉइलकडे लांब केला. थोड्या वेळानं म्हणाली, "अशू, गुडघा हलका वाटते रे बाप्पा."

माझं डोकं कपॅसिटरमध्ये होतं. "मंग रोज बसत जाय," मी म्हणालो. "दवाखान्याचे चक्कर तरी वाचतीन."

ही थट्टा होती. तिनं ती औषधाच्या चिठ्ठीसारखी घेतली.

आता कोणी म्हणेल, बाई भोळी असेल. माझी आत्या भोळी नव्हती. दीक्षेनंतर माझ्या आज्यानं घरातले देव अडाण नदीत सोडले तेव्हा ती टोपली आठ वर्षांच्या कौसल्येच्या डोक्यावर होती. त्यानंतर जन्मभर तिनं अंगारा लावला नाही, गंडा बांधला नाही, बुवाच्या दारात पाय ठेवला नाही. दर रविवारी विहारात वंदना तीच म्हणायची, आणि तिचा आवाज मागच्या गल्लीपर्यंत जायचा. तिथल्या बायांनी तिला टोकलंही, "कौसल्याबाई, हे बुवाबाजीच झाली ना वं?"

"बुवा कायचा आला त्याच्यात?" आत्या उसळली. "हे करंटाचं आहे. याच्यात देव नाही, माह्या भाच्याचं डोकं आहे."

मग त्याही दोघी-तिघी गुडघे घेऊन यायला लागल्या. मी ट्रान्सफॉर्मरला लाकडी कुंपण केलं, कारण तिथं दोन हजार व्होल्ट होते आणि कोणाचा हात गेला तर माणूस जागेवर खलास. त्या बाबतीत मी फार काळजी घेणारा. पण "बायांनो, यानं काही होत नाही, उगीच बसू नका" एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आत्या माझ्याकडे बोट करून "आमचा इंजिनियर" म्हणायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकताना मान खाली जात नव्हती. मला ते आवडायला लागलं होतं. झाकून काय उपयोग?

मग मोठ्या व्हॉल्व्हची हाव सुटली. अमरावतीला जुन्या मशिनींच्या एका व्यापाऱ्याकडे रेनकोट चिकटवायच्या मशीनमधला व्हॉल्व्ह होता, नारळाएवढा. यानं ठिणगी हातभर जाईल असा माझा हिशेब होता. आत्यालाही सांगून ठेवलं होतं. पहाटेच्या बसनं गेलो.

साडेनऊला व्यापारी व्हॉल्व्ह तापवून दाखवत होता. आतली तार हळूहळू पिवळी होत होती. तेवढ्यात नलूचा फोन.

"आत्याबाईचा उजवा हात उचलून नाही राह्यला. नऊ वाजतापासून. बोलणंही जड वाटते मले. ऑटो बोलावू का? सरकारी दवाखान्यात नेतो."

मागून आत्याचा आवाज आला, जिभेवर काही ठेवल्यासारखा. "काही नाही झालं... अशूले येऊ दे... मोठा आणून राह्यला ना तो."

नलू म्हणाली, "पाहा, ह्या काही ऐकत नाहीत. तुम्ही सांगा त्यायले. फोन स्पीकरवर टाकला आहे."

लकवा म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फोन स्पीकरवर होता. दवाखान्यात जा म्हणणं म्हणजे माझ्या मशीननं काही होत नाही हे तिच्यासमोर कबूल करणं. तिनं माझ्यावर ठेवलेला सगळा भरवसा माझ्या एका वाक्यानं मोडणार होता. आणि त्याच व्हॉल्व्हसाठी दुसरं गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या दारात उभं होतं, माझं अर्धं लक्ष तिकडे.

"हात असाच जड होते कधी कधी," मी म्हणालो. "बसवून ठेव. मी आलोच."

आलोच म्हणजे पाच तास. नेरजवळ बस अर्धा तास उभी राहिली. नलूनं आणखी दोनदा फोन केला. मी दोन्ही वेळा "पोचतोच आहे" म्हणालो.

अडीच वाजता दुकानात शिरलो. आत्या मशीनसमोर खुर्चीत बसली होती, लुगडं नीट सावरलेलं, उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवलेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि लाळ गळत होती. मला पाहून तिनं मशीनकडे मान केली. मी आधी व्हॉल्व्ह पोत्यावर नीट ठेवला, लोळून फुटू नये म्हणून बाजूला लाकूड लावलं, आणि मग तिच्याकडे गेलो. हे नलूनं पाहिलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला पावणेचार झाले. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं विचारलं, "किती वाजता सुरू झालं?"

"नऊ."

तिनं घड्याळ पाहिलं. "साडेचार तासांच्या आत आणायला पाहिजे होतं. तेव्हा इंजेक्शन देता आलं असतं. घरी कोणाला कळलं नाही का?"

नलू भिंतीकडे पाहत उभी राहिली. "नाही," मी म्हणालो.

आत्या वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "हो". डॉक्टर म्हणाली, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. पाणी पाहिजे का, हो. पंखा बंद करू का, हो. नाव विचारलं तरी हो. रविवारी विहारात आता दुसरीच बाई वंदना म्हणते.

घरी आणल्यावर ती रोज दुपारी डाव्या हातानं दुकानाकडे बोट करायची. महिना दीड महिना मी टाळलं. मग, लाज वाटते पण सांगतो, मी तो व्हॉल्व्ह बसवला. नवी गुंडाळी भरली, जाड तार घातली, आठ दिवस खपलो. काही होणार नाही हे दारव्ह्यात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी एकदा तिला समोर बसवून पाहू असं मलाच वाटायला लागलं होतं. बुडणारा काडीला धरतो ती हीच.

तिला उचलून खुर्चीत बसवलं, मेलेला हात मांडीवर ठेवला आणि बटण दाबलं. ठिणगी हातभर गेली. इतकी सरळ, इतकी सुंदर ठिणगी मी व्हिडिओतही पाहिली नव्हती. आत्या एकटक पाहत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मांडीवरच्या हाताचं बोटही हललं नाही. मी बटण बंद केलं आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"आत्या, याच्यानं काही होत नाही. तुह्या गुडघ्यालेही याच्यानं काही फरक नव्हता पडला. मी गमतीनं बोललो होतो."

"हो," ती म्हणाली.

"त्या दिवशी फोनवर मले समजलं होतं. तू ऐकून राह्यली होती, म्हणून मी दवाखान्याचं नाव नाही घेतलं."

"हो."

"हे माह्यानं झालं, आत्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "हो," ती म्हणाली.

मी तिच्या डोळ्यांत शोधत राहिलो, राग तरी सापडावा म्हणून. आतून नलूनं विचारलं, "आत्याबाई, चहा ठेवू काय?"

"हो," आत्या म्हणाली, अगदी त्याच आवाजात.