बसमधल्या मावश्या

"आली नाही? अहो, मी स्वतः तिला बसमध्ये चढवलंय!" फोनवर शाजियाचा आवाज चिरकला. शुभदाने पुढचं ऐकलंच नाही. ती खुर्चीवरून उठली ती धावतच सुटली.

शुभदा शाळेची बिझनेस मॅनेजर. बहारीनमधल्या, मनाम्यातल्या त्या भारतीय शाळेत शिकवणं सोडून बाकी सगळं तिच्या अंगावर होतं. एसी, पाण्याची टाकी, कँटीन, बसगाड्या, शिपायांचे व्हिसा. गैरहजर मुलाच्या घरी फोन करायची पद्धतही तिनेच पाडलेली. आज क्लार्क रजेवर होती, म्हणून बालवर्गातल्या झुनैराच्या आईला, शाजियाला, तिने स्वतः फोन लावला होता.

मागच्या आवारात बसगाड्या सप्टेंबरच्या उन्हात तापत उभ्या होत्या. ड्रायव्हर महमूद भिंतीच्या सावलीत चहा पीत होता.

"महमूदभाई, दार उघडा! आधी दार उघडा!"

दार उघडताच आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. अगदी मागच्या सीटखाली झुनैरा निपचित पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. शुभदाने तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा पोरीचं अंग हाताला पोळत होतं.

"मॅडम, मला वाटला सगली उतरली," महमूद म्हणाला. "आदी नुसरतबाय बघायची ना…"

पोरगी वाचली. दोन दिवस हॉस्पिटलात होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टरने शाजियाला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन प्रवीण यांनी शुभदाला केबिनमध्ये बोलावलं. प्रिन्सिपॉल अरुणा मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या.

"महमूदला काढलंय. खलास," प्रवीण म्हणाले. "परवा पालकसभेत तुम्ही बोला. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. ड्रायव्हरचा हलगर्जीपणा, एवढंच सांगायचं."

"आणि मावश्या?"

"त्यांचा इथे काय संबंध?"

शुभदाला बसमधल्या मावश्या आठवल्या. मुलांना हात धरून उतरवणाऱ्या, सगळे उतरल्यावर सीटखाली वाकून बघणाऱ्या नुसरतसारख्या बायका. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने त्यांना एका बैठकीत काढून टाकलं होतं. खर्च नको म्हणून. "सर, लहान मुलं गाडीत झोपतात," असं शुभदा तेव्हा म्हणाली होती. त्यावर प्रवीण यांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही बिझनेस मॅनेजर आहात की आया?" अख्खं मंडळ हसलं होतं. अरुणा मॅडम कपातल्या चहाकडे बघत राहिल्या होत्या. आणि मावश्यांना बोलावून ते सांगायचं काम शेवटी शुभदाच्याच वाट्याला आलं होतं.

"सर, गाडी चालवणारा माणूस पुढे बघतो," ती आता म्हणाली. "मागे बघणारं माणूस आपण काढलं."

"आवाज खाली. तुमचा व्हिसा शाळेचा आहे, शुभदा."

इतकी वर्षं 'मॅडम' म्हणणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. अरुणा मॅडमनी आजही नजर खाली घातली.

घरी, सनाबिस भागातल्या फ्लॅटमध्ये नवरा, सदानंद, वाट बघत होता. त्याची कंपनी बंद पडल्यापासून घर शुभदाच्या पगारावर चाललं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बोलून काय होणार? तुला काढतील, दुसरा आणतील."

"आणतील."

"मग?"

"मग तो मंडळाला नको म्हणाला, तर निदान त्याला माझ्यासारखं कुणी हसणार नाही."

सदानंद उठला. मग ताटं घ्यायला लागला.

पालकसभेला हॉल खच्चून भरला होता. सगळ्यांना कळावं म्हणून शुभदा हिंदीत बोलली. महमूदने गाडी तपासली नाही, ती त्याची चूकच. पण मावश्या काढायचं मंडळाने ठरवलं. मी नको म्हटलं, पण मान्य झालं नाही तेव्हा माझ्याच तोंडाने त्यांना घरी पाठवलं. शिक्षा एकट्या ड्रायव्हरला कशासाठी?

कुणीतरी माइक बंद केला. ती तशीच, मोठ्या आवाजात बोलत राहिली.

"मॅडम, बसा खाली!" प्रवीण ओरडले.

"त्या नाही बसणार," मागून शाजिया उभी राहिली. "माझी पोर भाजून निघाली, आणि तुम्ही यांना बसायला सांगता? मावश्या परत येईपर्यंत आमची पोरं तुमच्या बसमध्ये चढणार नाहीत!"

मग सगळा हॉलच उभा राहिला.

मावश्या परत आल्या. पहिल्याच दिवशी नुसरतला मधोमध उभं करून फोटो काढला गेला आणि पालकांच्या मोबाइलवर संदेश आला, 'मुलांच्या सुरक्षेसाठी आदरणीय चेअरमनसाहेबांचं नवं पाऊल'. महमूदला कुणी परत घेतलं नाही. तो गावी, महाडला निघून गेला. आणि शुभदाला सांगण्यात आलं की आता शाळेला 'नव्या दृष्टीचा' बिझनेस मॅनेजर हवा आहे.

शेवटच्या दिवशी निरोप-समारंभ नव्हता. दुपारी अरुणा मॅडम तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला आल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "शुभदा, दुसरीच्या वर्गातला एसी बंद पडलाय. कुणाला बोलवायचं असतं गं?"

शुभदा निघण्याच्या तयारीत होती. तिने पर्स खाली ठेवली आणि मेकॅनिकला स्वतःच फोन लावला.

तो येऊन दुरुस्ती करेपर्यंत ती दुसरीच्या वर्गात मागे उभी होती. पोरं घामाघूम होऊन वह्यांनी वारा घेत होती. एसी घरघरला, मग गार वारा आला आणि पुढच्या बाकावरच्या पोरी हात वर करून खिदळल्या. तेव्हा शुभदाने खिडक्या एकेक करून लावून घेतल्या आणि दार हलकेच ओढून ती बाहेर पडली.